पडद्यावर प्रभास, आवाज शरदचा!

‘बाहुबली’ हिंदीत पाहिलाय ना? मग तो भारदस्त आवाज अजूनही कानात असेल. पडद्यावर प्रभास, पण बोलतोय शरद केळकर. ग्वाल्हेरच्या मराठी घरातला हा मुलगा. 2015 च्या पहिल्या भागात आणि 2017 च्या दुसऱ्या भागातही बाप अमरेंद्र आणि लेक महेंद्र, दोघांना आवाज त्याचाच. 2020 च्या ‘तान्हाजी’त शिवाजी महाराजांच्या भूमिकेत दिसला तोही हाच.

आणि हाच शरद आधी बोलताना अडखळायचा. तोतरेपणाबद्दल तो मुलाखतींतून मोकळेपणानं बोललाय. ज्याला बोलायचीच अडचण, त्याचा आवाज पुढे देशभर गाजला. वर्गात प्रेझेंटेशनला उभं राहिलं की ज्यांचे पाय कापतात, त्यांनी हे लक्षात ठेवा.

डबिंग म्हणजे नुसता जाड आवाज, असं वाटत असेल तर तसं नाही. स्टुडिओत समोर स्क्रीन असते, कानात हेडफोन, त्यात मूळ भाषेतला संवाद. तुमचं वाक्य पडद्यावरच्या ओठांसोबत सुरू व्हायला हवं आणि त्यांच्यासोबतच संपायला हवं. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात. त्यामुळे पडद्यावर ओठ मिटले आणि तुमचा शब्द ‘आ’वर असला, की प्रेक्षकाला लगेच खटकतं. धावताना लागलेली धाप, मारामारीतलं कण्हणं, हुंदका, हे सगळं माइकसमोर एका जागी उभं राहून काढायचं. म्हणजे हा अभिनयच, फक्त चेहरा दुसऱ्याचा. 2021 च्या हिंदी ‘पुष्पा’त अल्लू अर्जुनला आवाज देणारा श्रेयस तळपदे काही खर्जातल्या आवाजासाठी ओळखला जात नव्हता. पण पुष्पाची ऐट त्यानं आवाजात बरोब्बर पकडली.

आता आपल्याकडचा प्रश्न. “आपलं बोलणं वऱ्हाडी, आपल्याले कोन घेईन?” अमरावती-अकोल्याच्या कट्ट्यांवर हे नेहमीच ऐकू येतं. आपल्या तोंडी ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘पाणी’चं ‘पानी’ होतं. प्रमाण मराठीत काम करायचं तर ळ, ण जागेवर यायलाच हवेत, त्याला सरावाशिवाय इलाज नाही. पण म्हणून वऱ्हाडी टाकून देऊ नका. अमरावतीच्या भारत गणेशपुरेंनी हीच बोली ‘चला हवा येऊ द्या’मधून घराघरात नेली. ज्याला दोन्ही येतं, त्याच्याकडे एक पात्र जास्त असतं.

लगेच कॉलेज सोडून मुंबई गाठायची गरज नाही. सुरुवात इथूनच करा. रोज पेपरमधली एक बातमी मोठ्यानं वाचा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि स्वतःच ऐका. श्वास कुठे तुटतो, शब्दाचा शेवट कुठे गिळला जातो, ते कळेल. मग एखाद्या सिनेमाचा सीन म्यूट करून त्याला आवाज द्या. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात नक्कल, वक्तृत्व, एकांकिका असतात, तिथे नाव द्या.

स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला की बहुतेकांना तो आवडत नाही. तरीही ऐकत राहा, काय सुधारायचं ते त्यातूनच सापडेल.