खरवडून उरलेलं चित्र

लंडनच्या कॅमडन टाउन भागात, मॉर्निंग्टन क्रेसेंट स्टेशनच्या जवळ एका बोळात चित्रकारांसाठी बांधलेले विटांचे जुने स्टुडिओ आहेत. बोळाच्या तोंडाशी स्टुडिओंची वाट दाखवणारी अक्षरं रंगवलेली. यातला एक स्टुडिओ १९५४ साली लिऑन कॉसॉफने सोडला आणि त्याच्या मित्राने, विशीतल्या फ्रँक आवरबाखने, तो घेतला. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी, वयाच्या ९३व्या वर्षी आवरबाख वारला. मधल्या सत्तर वर्षांतलं त्याचं बहुतेक सगळं काम याच जागेत झालं. आठवड्याचे सातही दिवस आणि बऱ्याचशा संध्याकाळीही तो तिथे असे. वर्षातून एक दिवस सुट्टी घेऊन ब्रायटनच्या समुद्रावर जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागायचं, असा त्याचा शिरस्ता होता.

त्याच्याबद्दल लिहिताना सगळे पहिल्यांदा रंगाच्या जाडीबद्दल लिहितात. ते स्वाभाविक आहे. १९५६ साली हेलन लेसोरच्या 'बो आर्ट्‌स गॅलरी'त त्याचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरलं, तेव्हा ही चित्रं आहेत की शिल्पं, असा प्रश्न बघणाऱ्यांना पडला होता. डेव्हिड सिल्व्हेस्टरसारखा समीक्षक ठामपणे पाठीशी उभा राहिला, पण 'जाड रंगांचा चित्रकार' ही ओळख मात्र कायमची चिकटली. मला ही ओळख अपुरी वाटते. आवरबाखच्या कामातली खरी गोष्ट रंग चढवण्यात नाही, तो काढण्यात आहे. आयुष्याची बहुतेक वर्षं हा माणूस दिवसभर रंगवलेलं चित्र दिवसाच्या शेवटी सुरीने खरवडून टाकत होता आणि पुढच्या बैठकीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होता.

तैलचित्रात थर देण्याची जुनी रीत वेगळी आहे. आधी पातळ रंगात छायाप्रकाशाची मांडणी करायची, ती वाळू द्यायची, मग तिच्यावर पारदर्शक रंगांची पुटं चढवायची. खालचा थर वरच्यातून झिरपून दिसतो आणि त्वचेला किंवा रेशमाला आतून उजेड आल्यासारखा वाटतो. तिथे प्रत्येक थराचं काम आधी ठरलेलं असतं आणि खालचा थर वरच्याला आधार देतो. तेलाचाही एक नियम आहे. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला प्राणवायू शोषत घट्ट होतं. म्हणून खालच्या थरात तेल कमी आणि वरच्यात जास्त ठेवायचं. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो, आतला मागाहून आक्रसतो आणि चित्राला भेगा जातात. जाड रंगात तर वर साय धरते आणि आतला गोळा वर्षानुवर्षं मऊ राहतो.

आवरबाखचे सुरुवातीचे थर असे ठरवून दिलेले नव्हतेच. १९५०च्या दशकात तो खरवडत नव्हता. कालचं चित्र पटलं नाही की त्याच्यावरच आज नवं रंगवायचा. एका चेहऱ्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असं महिनोन्‌महिने चालायचं. रंग बोटभर जाड व्हायचा. एवढं वजन कॅनव्हासला पेलणं अवघड, म्हणून त्यातली बरीच चित्रं लाकडी फळीवर आहेत. रंगही गेरू, काळा, पांढरा, मातकट पिवळा, असेच. यामागे विचारसरणी शोधणाऱ्यांनी त्याचा खिसा आधी बघावा. मातीचे रंग स्वस्त मिळतात, कॅडमियमचे लाल-पिवळे महाग. तो कलाशाळांमध्ये शिकवून पोट भरत होता. १९६५ साली 'मार्लबरो गॅलरी'ने त्याचं काम हाती घेतलं, हातात थोडा पैसा आला, आणि त्या सुमारास त्याच्या फळ्यांवर लाल, हिरवा, झळझळीत पिवळा दिसू लागला.

त्या जाड चित्रांतली बरीचशी एकाच बाईची आहेत. एस्टेला ऑलिव्ह वेस्ट, म्हणजे चित्रांच्या नावांतली 'ई. ओ. डब्ल्यू.'. आवरबाख सतरा वर्षांचा असताना एका नाटकाच्या निमित्ताने दोघांची ओळख झाली. ती विधवा होती, मुलं वाढवत होती आणि घरात भाडेकरू ठेवत होती. ती आठवड्यातून तीन संध्याकाळी त्याच्यासाठी बसे. हे वीसहून अधिक वर्षं, १९७३पर्यंत चाललं. तिच्या घरी इझल नव्हतं. तो फळी खुर्चीला टेकवून जमिनीवर गुडघे टेकून रंगवायचा. खुर्ची रंगाने माखून जायची, खालची जमीनही. त्या चित्रांतलं डोकं बहुतेकदा खाली झुकलेलं असतं. कपाळाचा उंचवटा, डोळ्याची खोबण, नाकाची धार हे सगळं रंगाच्या वळ्यांत रुतलेलं. जवळून पाहिलं तर चेहरा हरवतो, नुसते चर आणि ढिगारे दिसतात. चार पावलं मागे सरकलं की त्याच ढिगाऱ्यांतून दमून बसलेल्या एका बाईचं वजन जाणवतं. तिच्या नाकाडोळ्यांची ठेवण त्यातून फारशी कळत नाही, पण मानेवर डोकं किती जड झालंय ते नेमकं कळतं.

हे वजन पकडायला त्याला डेव्हिड बॉमबर्गने शिकवलं. बॉमबर्ग मोठा चित्रकार, पण हयातीत उपेक्षित राहिलेला. तो 'बरो पॉलिटेक्निक'मध्ये वर्ग घ्यायचा. आवरबाख आणि कॉसॉफ सेंट मार्टिन्स या प्रतिष्ठित कलाशाळेत शिकत असतानाच त्याच्या वर्गालाही जात. वस्तूची बाह्यरेषा टिपू नका, ती जागेत कशी उभी आहे, तिचं वजन कुठे पडतंय ते शोधा, हा त्याच्या शिकवणीचा गाभा. असं शोधू लागलं की पहिली रेघ बरोबर येणं अशक्यच असतं. आवरबाखची पुढची सगळी खोडाखोड तिथून सुरू होते.

१९५६ ते १९६२ या काळात त्याने कोळशाने काढलेली डोक्यांची मोठी चित्रं २०२४ साली लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत एकत्र मांडली गेली. खरवडण्याचं मूळ त्यात उघड दिसतं. दिवसभर काढलेलं चित्र तो घासून पुसायचा, कागदावर राखाडी सावली राहायची, दुसऱ्या दिवशी तिच्यावर पुन्हा काढायचं. इतक्या घासण्याने कागद झिजून फाटायचा. फाटला की तो आतून दुसऱ्या कागदाचं ठिगळ लावायचा आणि काम पुढे चालू. गालावर, कपाळावर ती ठिगळं स्पष्ट दिसतात आणि त्याने ती लपवलेली नाहीत. कोळसा पुसता येतो, रंग पुसता येत नाही, एवढाच काय तो फरक होता. पुढे रंगही सुरीने काढता येतो हे त्याने स्वीकारलं आणि १९६०च्या दशकात त्याची कामाची पद्धत बदलली.

इथे बाल्झाकच्या एका कथेची आठवण होणं अपरिहार्य आहे. १८३१ सालच्या 'द अननोन मास्टरपीस'मधला म्हातारा चित्रकार फ्रेनहोफर दहा वर्षं एकाच चित्रावर काम करतो. अखेर ते पाहायला मिळतं तेव्हा बघणाऱ्यांना रंगांचा गोंधळ आणि त्यातून निसटून उरलेलं एक पाऊल एवढंच दिसतं. सेझानला फ्रेनहोफर म्हणजे आपणच असं वाटलं होतं. पुन्हा पुन्हा रंगवणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ही भीती असते, की सुधारता सुधारता चित्र गाडलं जाईल. आवरबाखचं उत्तर मला फार धाडसी वाटतं. कालचं चित्र वाचवायचंच नाही. बरं जमलेलं नाक, छान आलेला खांदा, सगळं काढून टाकायचं. एक चांगला तुकडा वाचवण्यासाठी बाकीचं चित्र त्याच्याभोवती जुळवत बसलं की चित्र मरतं, हे त्याला पक्कं कळलं होतं.

म्हणून त्याचं शेवटचं चित्र बहुतेकदा एकाच बैठकीचं असतं. ओल्या रंगात ओला रंग, काही तासांत केलेलं. ज्यांना ही पद्धत माहीत नाही ते त्या झपाट्याला उतावीळपणा म्हणतात. त्या काही तासांच्या आधी मात्र महिने, कधी दोन-तीन वर्षं गेलेली असतात. खरवडलेल्या फळीवर पुसट डागांपलीकडे काही उरत नाही. उरतं ते हाताला आणि डोळ्याला झालेलं ज्ञान, की हा जबडा इथे वळतो, हा रस्ता इथे खचतो. आपल्याकडे कुणी याला रियाज म्हणेल. पण रियाज मैफलीच्या आधीचा असतो आणि गाणाऱ्याला ते ठाऊक असतं. आवरबाखच्या दृष्टीने प्रत्येक दिवस मैफलीचाच होता. आजचं चित्र आजच पुरं होणार या जिद्दीनेच तो सुरुवात करायचा. संध्याकाळी खरवडायचंच आहे असं मनात धरलं असतं तर त्या दिवसाच्या कामात जीवच उरला नसता.

रस्त्यांच्या चित्रांतही हेच. मॉर्निंग्टन क्रेसेंट, प्रिमरोझ हिल आणि स्टुडिओंकडे जाणारा तो बोळ, एवढ्या चिमुकल्या टापूत त्याने आयुष्यभराची निसर्गचित्रं केली. सकाळी लवकर बाहेर पडायचं, त्याच जागी उभं राहून झपाझप रेखाटन करायचं, परत येऊन ते फळीच्या शेजारी लावायचं आणि त्यावरून सगळं चित्र नव्याने रंगवायचं. दुसऱ्या दिवशी नवं रेखाटन, नवं चित्र. जागा तीच, पण उजेड वेगळा, एखादी मोटार वेगळी, आदल्या दिवशी न दिसलेला एखादा उतार आज दिसलेला. डोळा शिळा होऊ नये म्हणून तो नॅशनल गॅलरीत जाऊन टिशियन, रेम्ब्रांट यांच्या चित्रांवरूनही रेखाटत बसे. १९९५ साली त्या गॅलरीने त्याच्या या कामाचंच प्रदर्शन भरवलं.

समोर बसणाऱ्यांच्या कष्टांबद्दल फार कमी लिहिलं जातं, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. ज्युलिएट यार्डली मिल्स, 'जे. वाय. एम.', ही व्यावसायिक मॉडेल. १९५६ साली एका कलाशाळेत भेट झाली आणि पुढे १९९७पर्यंत ती त्याच्यासाठी बसत राहिली, वर्षानुवर्षं दर बुधवारी आणि रविवारी. कॅथरीन लॅम्पर्ट १९७८पासून बसत होत्या. त्यांनीच पुढे २०१५च्या टेट ब्रिटनमधल्या मोठ्या प्रदर्शनाची मांडणी केली. पत्नी ज्युलिया आणि मुलगा जेक हेही बसत. बैठक साधारण दोन तासांची. समोरच्या माणसाने तिथे असायचं, आणि आपला चेहरा रंगवला जातोय, खरवडला जातोय, पुन्हा रंगवला जातोय हे वर्षभर सोसायचं. हाती चित्र लागेलच याची खात्री नाही. मोबदल्यात त्यांना जे मिळत होतं ते आजच्या जगात दुर्मीळ आहे. एक माणूस आपल्याकडे दर आठवड्याला, पहिल्यांदाच बघतोय अशा नजरेने बघतो.

त्याच्या बालपणाबद्दल लिहिलंच पाहिजे, पण जपून. जन्म बर्लिनचा, २९ एप्रिल १९३१. वडील पेटंटचं काम करणारे वकील, आई तरुणपणी चित्रकला शिकलेली. घर ज्यू. लेखिका आयरिस ओरिगो हिने काही मुलांचा खर्च उचलला, म्हणून १९३९च्या एप्रिलमध्ये हा मुलगा इंग्लंडला निघू शकला. आईने सामान भरलं तेव्हा लगेच लागणारे कपडे वेगळे ठेवले आणि मोठेपणी उपयोगी पडतील अशा कपड्या-चादरींच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने खूण घातली. रेड क्रॉसमार्फत येणारी मोजक्या शब्दांची पत्रं १९४३ साली थांबली. आईवडील आउशवित्झमध्ये मारले गेले. मुलगा केंटमधल्या बन्स कोर्ट या शाळेत वाढला. हरवलेल्या माणसांना तो रोज रंगवत आणि खरवडत होता, असं म्हणून मोकळं होता येतं आणि अनेकजण होतातही. त्याला स्वतःला हे स्पष्टीकरण कधी रुचलं नाही, आणि मलाही पटत नाही. दुःखाने माणूस चित्रकार होत असता तर त्याच्यासारखी आईबापांपासून तुटलेली सगळीच मुलं झाली असती. शिवाय या स्पष्टीकरणाने एस्टेलाचं झुकलेलं डोकं, जे. वाय. एम.च्या हनुवटीचा ताठा, बोळातला सकाळचा उजेड, हे सगळं नुसतं निमित्त ठरतं. त्याच्यासाठी ते निमित्त नव्हतं. समोर जे आहे त्याच्याशी इमान राखणं हाच त्याचा हट्ट होता.

आवरबाख थरावर थर चढवत होता त्याच काळात लंडनमध्ये एक गोवेकर चित्रकारही धडपडत होता. साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सूझा १९४९ साली तिथे पोचला, वर्षं हलाखीत काढली आणि १९५५च्या 'गॅलरी वन'मधल्या प्रदर्शनाने गाजला. सूझा झपाट्याने काम करणारा, काळ्या जाड रेघेने चेहरा एका दमात कोरणारा. आवरबाख त्याच चेहऱ्यासाठी वर्ष घालवणारा. २०१८ साली टेट ब्रिटनने 'ऑल टू ह्यूमन' या प्रदर्शनात फ्रान्सिस बेकन, ल्यूशियन फ्रॉइड, कॉसॉफ आणि आवरबाख यांच्याबरोबर सूझालाही स्थान दिलं. फार उशिरा झालं, पण योग्य झालं. युद्धानंतरच्या त्या शहरात माणसाचा चेहरा पुन्हा कसा काढायचा, हा प्रश्न बर्लिनहून आलेल्याला पडला होता, तसाच साळगावहून आलेल्यालाही.

मान आवरबाखला यथावकाश मिळाले. १९८६ साली व्हेनिसच्या बिएनालेत सिग्मार पोल्केबरोबर त्याला 'गोल्डन लायन' विभागून मिळाला. ल्यूशियन फ्रॉइडने त्याची अनेक चित्रं स्वतःच्या घरात लावली होती. फ्रॉइडच्या मृत्यूनंतर वारसाकराच्या बदल्यात ती सरकारजमा झाली आणि २०१४ साली ब्रिटनभरच्या संग्रहालयांत वाटली गेली. या कशानेही स्टुडिओतला दिनक्रम हलला नाही.

तो हलला २०२० साली, कोविडच्या टाळेबंदीत. बसणाऱ्यांना येता येईना. नव्वदीकडे आलेल्या या माणसाने मग आरसा घेतला. स्वतःचा चेहरा त्याने त्याआधी क्वचितच रंगवला होता, त्यात त्याला विशेष रस वाटत नसे. आता डोळ्यांखाली पिशव्या आल्यात, कातडी लोंबायला लागलीय, त्यामुळे काम करायला बरंच काही मिळतंय, अशा अर्थाचं तो मुलाखतीत अगदी आनंदाने सांगायचा. २०२३ साली लंडनमध्ये त्याची वीस आत्मचित्रं एकत्र लागली. त्यांत गुलाबी आहे, पोपटी आहे, निळ्याच्या रेघा आहेत. डोकं कधी डावीकडे कललेलं, कधी वर उचललेलं. पंच्याहत्तर वर्षं माणसांची डोकी रंगवलेल्या हाताला आपलं डोकं कसं दिसतं हे आयतं ठाऊक असेल असं वाटतं. पण ती वीस चित्रं शेजारी शेजारी पाहिली की कळतं, कालच्या उत्तरावर विसंबून त्यातलं एकही काढलेलं नाही.