सरासरीच्या भरवशावर तळे खोदू नये

महसूल खात्यात कारकून असताना पावसाळ्यात पर्जन्यमापकाचा रोजचा आकडा नोंदवहीत उतरविणे हे आमचे नित्याचे काम असे. आकडा वर पाठविला की काम संपले. त्या वहीचा शेतकऱ्यास उपयोग काय, हा प्रश्न सेवानिवृत्त होईपर्यंत आमच्या मनास शिवला नाही. आता दुसरबीडकडील बंधू कर्ज काढून शेततळे खोदू पाहतात आणि आम्हांस केवळ सरासरी पाऊस विचारतात. म्हणून हे चार शब्द लिहीत आहो.

समजा, एका वर्षी १००० मिलिमीटर पाऊस झाला व दुसऱ्या वर्षी ५००. सरासरी ७५० निघाली. पण तेवढा पाऊस एकाही वर्षी पडला नाही!

आपल्या विदर्भातच, नागपूर येथे, अलेक्झांडर बिनी या इंजिनिअराने १८६९ ते १८७२ या काळात अंबाझरी तलावाच्या पाणलोटात पडणारा पाऊस व वाहून येणारे पाणी यांचा मेळ घातला. आरंभीचा पाऊस तहानलेली जमीनच पिऊन टाकते. हंगाम पुढे सरकतो तसा वाहत्या पाण्याचा वाटा वाढतो, असे त्यास आढळले. अर्थात पाऊस थोडा घटला तरी तळ्यात येणारे पाणी पुष्कळच घटते. पुढे १८९२ साली त्याने दाखविले की, ५ वर्षांच्या सरासरीत सुमारे १५ टक्के चूक संभवते. ३५ वर्षांच्या सरासरीत ती २ टक्क्यांहूनही कमी होते.

स्थापत्यशास्त्राचे प्राध्यापक आज संख्याशास्त्राच्या साहाय्याने हाच विषय पुढे नेत आहेत. त्यांची एक सोपी रीत कोणाही शेतकऱ्यास साधेल. मागील १९ वर्षांचे पावसाचे आकडे घ्यावे, मोठ्याकडून लहानाकडे क्रमाने मांडावे आणि पंधरावा आकडा पाहावा. तेवढा किंवा त्याहून अधिक पाऊस साधारणतः चारांपैकी तीन वर्षी अपेक्षावा. पाटबंधाऱ्यांच्या योजनाही बहुधा याच ७५ टक्के भरवशावर आखतात.

तथापि हे वचन नव्हे. उरलेले चौथे वर्ष येणारच, आणि तशी दोन वर्षे लागोपाठही येऊ शकतात. म्हणून तळ्याचे माप, पिकाची निवड व कर्जाचा हप्ता पंधराव्या आकड्यावर बेतावा, सरासरीवर नव्हे. जुने आकडे तालुक्याच्या दप्तरातून मिळवावे व पुढील नोंद स्वतः ठेवावी. ज्या वहीत आम्ही केवळ आकडे भरले, तीत आपण आपला संसार वाचावा, इतकेच मागणे.