दहावा पाइप

पाइप वर यायला तयार नाही. मेकॅनिक उकिडवा बसतो, क्लॅम्पच्या जबड्यात धरलेल्या पाइपाला कान लावतो आणि मूठ उंचावून खूण करतो. पान्ह्याच्या दांड्याला एका बाजूने तीन बाया, दुसऱ्या बाजूने दोन बाया आणि एक पोरगा. त्यातली एक लांगो भाषेत आरोळी देते आणि सगळे मिळून उचलतात. पाइप वीतभर सरकतो. क्लॅम्प खटकन आवळला जातो. पुन्हा आरोळी.

उत्तर युगांडातल्या ओयाम जिल्ह्यातलं हे गाव. शियाच्या झाडाखाली पिवळे, वीस-वीस लिटरचे कॅन एकामागे एक लावलेले आहेत. आज पाणी मिळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सवयीने रांग लागली आहे. या झाडाकडे पाहिलं की मला मोहाची आठवण होते. दोन्ही झाडं एकाच कुळातली, दोघांच्याही बियांतून तेल निघतं.

पंप मात्र मी दुरूनच ओळखला. सांगोल्याकडे मावशीच्या गावी शाळेसमोर असाच हापसा होता. तीच लांब दांडी, तोच तीन पायांचा ठोकळा. इथे त्याला 'यू टू' म्हणतात, पण तो मुळात इंडिया मार्क टू. दुष्काळी मुलखात हलके पंप वारंवार मोडत होते, तेव्हा जालना आणि सोलापूरला तयार झालेले पोलादी पंप टिकले. त्या सोलापुरी बांधणीवरूनच १९७०च्या दशकात भारत सरकार आणि युनिसेफ यांनी मार्क टू घडवला. मेकॅनिक डोक्याचं झाकण काढतो तेव्हा आतली चेन दिसते, ग्रीस वाळून काळी पडलेली. "हा पंप माझ्या मुलखातला आहे," मी सांगते. तो हसत नाही, गंभीरपणे मान डोलावतो आणि विचारतो, "मग तुमच्याकडे पाइप किती वर्षं टिकतात?"

प्रश्न बरोबर जागी लागतो, कारण इथे पंप टिकला, पाइप टिकले नाहीत. जमिनीतलं पाणी आम्लधर्मी आहे. ते आधी जस्ताचा मुलामा खातं, मग लोखंड. पहिला पाइप आडवा पडतो आणि त्यातून तांबडा चिखल ओघळतो. चौथ्याला करंगळी जाईल एवढं भोक आहे. पाचव्याचे आटे हातात चुरतात. या पाण्यात शिजवलेल्या घेवड्याचा रंग काळपट होतो, कपड्यांवर डाग राहतात, म्हणून गेले कित्येक महिने बाया पुन्हा दलदलीतल्या झऱ्यावर जाऊ लागल्या होत्या. तिथे गुरंही पाणी पितात.

या कामाला मदत करणारी संस्था अगदी छोटी. लिरा शहरात भाड्याच्या दोन खोल्या, चार माणसं. त्यांतले दोघे आज आले आहेत, बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर बसून. गंज न चढणारे स्टीलचे दहा पाइप पिकअपमधून आधीच पोचले आहेत. एवढा खर्च गावाला झेपणारा नाही, तो संस्थेने उचलला. वायसर, ग्रीस आणि मेकॅनिकची मजुरी मात्र गावाची. सकाळपासून दोघांपैकी एकानेही पान्ह्याला हात लावलेला नाही. सुरुवातीला मला ते खटकलं.

आता सावलीत पेटी उघडते. पत्र्याची पेटी, तीन कुलुपं, आणि तीन किल्ल्या तीन वेगळ्या बायांकडे. आपल्याकडच्या बचत गटाची सख्खी बहीणच. केअर संस्थेने १९९१ साली नायजरमध्ये सुरू केलेली ही रीत आता आफ्रिकाभर रुजली आहे. इथे त्याच पेटीत पाण्याचे घरटी महिना हजार शिलिंग पडतात. खजिनदार नोटा मांडीवर पसरते, मोजते, पुन्हा मोजते. मजुरीला पैसे कमी पडतात.

माझा हात पर्सकडे जातो. संस्थेचा कार्यकर्ता माझ्याकडे पाहतो आणि फक्त मान हलवतो. नको.

मग बराच वेळ बोलणं चालतं. ज्यांनी वर्गणी दिली नाही त्यांची नावं घेतली जातात. एक म्हातारी उठून जाऊ लागते, तिला हाताला धरून बसवतात. शेवटी मेकॅनिक तिळाचं पीक निघेपर्यंत थांबायला कबूल होतो. लेखनिक मुलगी वहीत उधारी लिहिते आणि त्याची सही घेते.

"युद्ध थांबलं, आम्ही छावणीतून परतलो, तेव्हा सगळं फुकट मिळालं होतं," गटाच्या अध्यक्ष बाई मला सांगतात. इथे मोठ्या बाईला 'मामा' म्हणून हाक मारतात. २००६ साली युद्धविराम झाला, त्यानंतरच्या परतीबद्दल त्या बोलत आहेत. "पंप बसवून ते लोक गेले. वायसर कुठे असतो हे कोणी दाखवलं नाही."

"आता तुम्हाला ठाऊक आहे, मामा?"

त्या उठतात, सिलिंडरपाशी बसतात, दट्ट्या उलटा करून फाटका वायसर नखाने उचकटतात आणि माझ्या तळहातावर ठेवतात.

दुपारी दहावा पाइप निघतो. मग नवे पाइप एकेक करून खाली. हे हलके, बायांना आरोळीची गरज पडत नाही. रॉड जोडला जातो, चेन अडकते. एक शाळकरी मुलगी दांडीला लोंबकळते. वीस, तीस, चाळीस हापसे. खाली काहीतरी गडगडतं आणि पाणी उसळतं, आधी गढूळ, मग नितळ. बाया जोरात किलकाऱ्या मारतात. माझ्या घशात आवंढा येतो, मी तो लपवत नाही.

पण पाणी प्यायचं नाही अजून. ब्लीचिंग पावडरचं पाणी बोअरमध्ये ओततात, रात्रभर ते तसंच राहू द्यायचं, आणि उद्या सकाळी वास जाईपर्यंत उपसून टाकायचं. अध्यक्ष बाई दांडीला साखळी गुंडाळतात, कुलूप लावतात, किल्ली कमरेच्या गाठीत बांधतात.

ऊन कललं आहे. शियाखालची रांग मोडते. ज्याची त्याची चूल पेटायची आहे, म्हणून बाया रिकामे पिवळे कॅन उचलतात आणि दलदलीच्या वाटेला लागतात.