माध्यम शिकताना (लेखांक ७) : शंभर मतदारांना विचारलेला प्रश्न

गेल्या आठवड्यात कॅमेरा आणि एडिटिंगच्या तासांबद्दल लिहिलं होतं. आजचा विषय मुलांच्या नावडीचा आहे : थिअरीचा पेपर. माईक हातात घेण्याच्या ओढीनं मुलं मास कॉमला येतात आणि पहिल्याच वर्षी लासवेल, शॅनन, मॅककोम्ब्स अशी नावं त्यांच्यापुढे येऊन पडतात. मग कुणाच्या तरी नोट्सची झेरॉक्स निघते, पाच ओळींची व्याख्या पाठ होते आणि पेपर सुटतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. सॉफ्टवेअर पदवी हातात पडेपर्यंत बदलतं. दहा वर्षांनीही कामी येईल असं बरंच काही या पेपरात असतं.

एकच सिद्धांत घेऊ, अजेंडा सेटिंगचा. साल १९६८. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक, रिंगणात निक्सन, हम्फ्री आणि वॉलेस. नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल या विद्यापीठाच्या गावात मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या तिशीच्या आसपासच्या दोन प्राध्यापकांनी १०० मतदार गाठले. मत कुणाला द्यायचं हे ज्यांचं अजून ठरलं नव्हतं, असेच मुद्दाम निवडले. बातम्यांचा काही परिणाम होत असेल तर तो आधी त्यांच्यावर दिसेल म्हणून. प्रश्न साधा होता : पुढारी काहीही म्हणोत, तुम्हाला सध्या कशाची काळजी वाटते, सरकारनं कशात लक्ष घालावं?

दुसरीकडे, हे लोक जी वर्तमानपत्रं आणि साप्ताहिकं वाचत, टीव्हीवरची जी बातमीपत्रं पाहत, त्यांतल्या बातम्या दोघांनी मोजल्या. बातमी कुठल्या पानावर, मथळा किती कॉलमी, वेळ किती दिलेला. परराष्ट्र धोरण, कायदा-सुव्यवस्था, आर्थिक धोरण, लोककल्याण, नागरी हक्क अशा विषयांचा माध्यमांतला क्रम आणि मतदारांच्या मनातला क्रम शेजारी ठेवला. तंतोतंत जुळलं तर १ धरायचं, अशा मोजणीत उत्तर आलं सुमारे ०.९७.

मत कुणाला द्यायचं हे बातम्यांनी ठरवलं, असं त्यात कुठेही नाही. उत्तरपत्रिकेत नेमकी इथेच चूक होते. लोकांना कशाचं महत्त्व वाटावं हे बातम्या ठरवतात, एवढाच या सिद्धांताचा दावा आहे.

आणि हुशार विद्यार्थ्यानं इथं हात वर करायला हवा : सर, लोकांना ज्याची काळजी होती तेच संपादकांनी छापलं असेल तर? शंका रास्त आहे. नुसता क्रम जुळला म्हणून कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे कळत नाही. म्हणून याच दोघांनी १९७२ च्या निवडणुकीत शार्लट शहरातल्या त्याच त्या मतदारांना निवडणुकीच्या काळात पुन्हा पुन्हा भेटून विचारलं, आधी बातम्या बदलतात की लोकांची काळजी हे पाहायला. पुढे शांतो अय्यंगार आणि डोनाल्ड किंडर यांनी टीव्हीच्या बातमीपत्रांत काटछाट करून, एखाद्या विषयाच्या बातम्या वाढवून, ती लोकांना काही दिवस दाखवली. तो विषय त्यांना आधीपेक्षा महत्त्वाचा वाटू लागला.

हे सगळं आपल्याकडे स्वस्तात करून पाहता येतं. दोन मराठी दैनिकांची एकाच शहराची आवृत्ती घ्या, आठवडाभराची. पान एकवरची मुख्य बातमी, अँकर, चौकटी यांची पट्टीनं कॉलम सेंटिमीटरमध्ये मोजणी करा. पाण्याला किती, पक्षफोडीला किती, शेतमालाच्या भावाला किती, ते विषयवार लिहा. मग एसटी स्टँडवर, भाजी मंडईत वीस-पंचवीस जणांना तोच चॅपल हिलचा प्रश्न विचारा. ते पेपर वाचतात की मोबाइलवर बातम्या पाहतात हे आधी विचारून घ्या, नाहीतर तुलना फसेल. एवढ्या कमी लोकांवरून शहराबद्दल विधान करू नका. क्रम जुळला नाही तरी वही फेकू नका. न जुळलेला विषय कुठला, हे पाहण्यात खरी मजा आहे.

पेपर न वाचणाऱ्यांपर्यंत बातमी कोण पोहोचवतं? गावातला पार, कटिंगचं दुकान, चहाची टपरी इथला तो एक जाणता माणूस. ओहायोतल्या इरी काउंटीत १९४० मध्ये संशोधकांना तो कसा सापडला, ते पुढच्या आठवड्यात.