नेमदर्शक, धनुष्याचा

धनुर्धराला अंतरानुसार नेम धरता यावा म्हणून धनुष्याच्या मुठीवरील भागात बसविलेली योजना. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार धनुष्याने करणारे बहुसंख्य शिकारी कप्पीयुक्त (कंपाउंड) धनुष्य वापरतात. हॉलिस विल्बर ॲलन यांना या धनुष्याचे एकस्व १९६९ मध्ये मिळाले.

गुरुत्वाकर्षणामुळे बाणाचा मार्ग वक्र होतो. हवेचा रोध वगळल्यास, सेकंदाला ८० मी. वेगाचा बाण २० यार्डांवर (१८·३ मी.) सु. २६ सेंमी., तर ४० यार्डांवर सु. १ मी. खाली येतो. ३० यार्डांच्या खुणेने ४० यार्डांवरील हरणावर नेम धरल्यास बाण सु. २० ते २५ सेंमी. खाली लागतो. हृदय व फुप्फुसे यांचे लक्ष्यक्षेत्र साधारण तेवढ्याच व्यासाचे असल्याने अशा चुकीने जनावर तत्काळ न मरता जखमी होऊन निसटण्याचा संभव असतो.

प्रकार व निवड : स्थिर प्रकारात ३ ते ५ पिना एकाखाली एक असतात, वरची पीन सर्वांत जवळच्या अंतराची असते. जनावर अकस्मात पुढे आल्यास हा प्रकार सोयीचा ठरतो, परंतु घाईत चुकीची पीन निवडली जाऊ शकते. सरकत्या प्रकारात एकच पीन अंतराप्रमाणे वरखाली करतात. दृष्टिक्षेत्र मोकळे राहते, पण वेळ लागतो. हरणे पहाटे व संधिप्रकाशात अधिक हिंडत असल्याने पिनांच्या टोकांशी प्रकाशवाहक तंतू बसवितात. सु. ०·५ मिमी. जाडीचा तंतू अंधुक प्रकाशात स्पष्ट दिसतो, सु. ०·२५ मिमी. जाडीचा तंतू लक्ष्य कमी झाकतो, परंतु मंद दिसतो. काही राज्यांत धनुष्यावर विजेची साधने लावण्यास मनाई आहे.

जुळवणी : प्रत्यंचेतील दर्शनरंध्र आणि नेमदर्शकाचे गोल कडे प्रत्यंचा पूर्ण ओढल्यावर समकेंद्री दिसले पाहिजेत. कड्यातील पाणसळीचा बुडबुडा मध्यावर ठेवल्यास धनुष्य कलत नाही. प्रथम २० यार्डांवरून तीन-चार बाण सोडून त्यांच्या समूहाचा मध्य पाहतात. बाण लक्ष्याच्या वर लागत असल्यास पीन वर, डावीकडे लागत असल्यास डावीकडे सरकवितात. म्हणजे पीन बाणाच्या मागे जाते. पीन वर नेल्याने नेम धरताना धनुष्य खाली येते, हे यामागील कारण होय. नंतर ३० व ४० यार्डांच्या पिना जुळवितात. शिकारीच्या रुंद पात्यांच्या टोकांनी बाणाचे उड्डाण बदलू शकत असल्याने अखेरची तपासणी तीच टोके लावून करतात. झाडावरील मचाणावरून नेम धरताना तिरपे अंतर न घेता क्षितिजसमांतर अंतराची पीन वापरतात.

नेमदर्शक अंतर सांगत नाही. अंतराचा अंदाज चुकल्यास अचूक जुळवणीही व्यर्थ ठरते. भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हरणांच्या शिकारीस बंदी असून येथे नेमदर्शकाचा उपयोग क्रीडा-तिरंदाजीत होतो.