नर्सिंग होममधून घरी परतता येते



आपल्या मंदिरात नियमित येणाऱ्या एक आजी गेल्या हिवाळ्यात घरात घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले आणि हॉस्पिटलमधून त्या थेट नर्सिंग होममध्ये गेल्या. 'तीन-चार आठवडे व्यायाम करून घेतील, मग घरी,' असे ठरले होते. आठवड्यांचे महिने झाले. मुलाचे घर दुमजली, झोपण्याच्या खोल्या वरच्या मजल्यावर, मुलगा-सून दोघेही नोकरीला. आपले स्वयंसेवक भेटायला गेले तेव्हा आजी म्हणाल्या, "माणसं चांगली आहेत हो इथली. पण दिवसभर बोलायला कोणी नाही. आणि घरी जायचंय का, असं मला कोणी विचारलंच नाही."

खरे तर विचारले होते, पण इंग्रजीत. आजींनी नुसते हसून मान हलवली आणि कागदावर 'नाही' अशी नोंद झाली. हा लेख त्याच प्रश्नाविषयी आहे, कारण आपल्यापैकी अनेक कुटुंबांना तो ठाऊकच नसतो.

दर तीन महिन्यांनी येणारा प्रश्न

मेडिकेअर किंवा मेडिकेडचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक नर्सिंग होमला तिथल्या रहिवाशांची ठरावीक पाहणी करावी लागते. ही पाहणी दाखल झाल्यावर एकदा आणि नंतर साधारण दर तीन महिन्यांनी होते. तिच्या 'सेक्शन क्यू' या भागात विचारतात, की इथून बाहेर पडून समाजात राहण्याविषयी आपल्याला कोणाशी बोलायचे आहे का? उत्तर 'हो' असेल तर नर्सिंग होमने राज्याने नेमलेल्या स्थानिक संस्थेला कळवायचे असते. तिथला माणूस येऊन पर्याय समजावून सांगतो. 'हो' म्हटल्याने लगेच बाहेर पडावे लागत नाही, फक्त बोलणे सुरू होते. 'हा प्रश्न आता वर्षातून एकदाच विचारा' अशीही नोंद करता येते. ती आपल्या माणसाच्या नावावर नकळत झालेली नाही ना, हे जरूर पाहावे.

इंग्रजी नीट न समजणाऱ्या रहिवाशाला दुभाषी मिळण्याचा हक्क आहे आणि त्याचा खर्च संस्थेने करायचा असतो. फोनवरचा मराठी दुभाषीही चालतो. मुलाने आईच्या वतीने परस्पर उत्तर देण्यापेक्षा आईला तिच्या भाषेत विचारलेले केव्हाही चांगले.

हक्क कुठून आला?

जॉर्जिया राज्यातील लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोन स्त्रियांना डॉक्टरांनी बाहेर राहता येईल असे सांगूनही मनोरुग्णालयातच ठेवले होते. त्यांच्या खटल्यात २२ जून १९९९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की गरज नसताना अपंग व्यक्तीला संस्थेत अडकवून ठेवणे हा भेदभाव आहे. 'ओल्मस्टेड' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निकालाचा आधार नर्सिंग होममधल्या वृद्धांनाही मिळतो.

पैसे कोण देते?

हॉस्पिटलनंतरच्या नर्सिंग होमचा खर्च मेडिकेअर जास्तीत जास्त १०० दिवस उचलते. पहिले २० दिवस पूर्ण, पुढे रोजची काही रक्कम आपल्याला भरावी लागते. व्यायामाची किंवा नर्सच्या कुशल सेवेची गरज संपली तर मदत आधीच थांबते. मग घरची पुंजी वापरावी लागते आणि ती संपली की मेडिकेडकडे वळावे लागते.

मेडिकेडवरील रहिवाशांसाठी 'मनी फॉलोज द पर्सन' हा केंद्राचा कार्यक्रम बहुतेक राज्यांत आहे. न्यू जर्सीत त्याचे नाव 'आय चूज होम एनजे' आहे. संस्थेवर होणारा खर्च माणसाच्या मागोमाग त्याच्या घरी यावा, अशी ही कल्पना. सुरुवातीला सहा महिने संस्थेत राहिल्याची अट होती, २०२१ पासून ती ६० दिवसांवर आली आहे. अपार्टमेंटचे डिपॉझिट, आवश्यक सामान, घरातील छोटे फेरबदल, मदतनीस यांसाठी आधार मिळू शकतो. परतायचे ठिकाण स्वतःचे किंवा नातेवाइकांचे घर, भाड्याचे अपार्टमेंट किंवा चारपेक्षा जास्त परकी माणसे नसलेले छोटे निवासस्थान असावे लागते. २०१९ अखेरपर्यंत देशभरात १ लाखाहून अधिक माणसे या वाटेने बाहेर पडली.

ग्रीन कार्डवर नव्याने आलेल्या आई-वडिलांना मात्र मेडिकेडसाठी साधारणपणे पाच वर्षे थांबावे लागते. राज्याराज्यांत नियम वेगळे असल्याने आधी चौकशी करावी.

कुटुंबाने काय करावे?

१. दाखल होतानाच सोशल वर्करला सांगावे, 'आम्हाला घरी न्यायचे आहे.' तशी नोंद करून घ्यावी.

२. अपार्टमेंट घाईने सोडू नये. परतण्याची वाट बहुधा तिथेच बंद होते.

३. देखभालीच्या बैठकीला (केअर प्लॅन मीटिंग) हजर राहावे. जिना, बाथरूम, औषधे, रात्रीची सोबत यांचा तिथे मोकळेपणाने विचार करावा.

४. अडचण आल्यास राज्याच्या लाँग-टर्म केअर ओम्बुड्समनकडे जावे. ही सेवा विनामूल्य आणि गोपनीय आहे. स्थानिक मदतीसाठी २११ किंवा एल्डरकेअर लोकेटर (१-८००-६७७-१११६) येथे फोन करावा.

सर्वांना घरी आणणे शक्य नसते. स्मृतिभ्रंश वाढला असेल किंवा रात्रंदिवस नर्स लागत असेल, तर नर्सिंग होममध्ये ठेवणे म्हणजे माया आटली असे कोणीही समजू नये. सांभाळणाऱ्या सुनेची किंवा लेकीची तब्येतही तितकीच महत्त्वाची. मात्र निर्णय नुसता होऊन बसू नये, तो विचारून व्हावा.

आपल्या आजींना दुसऱ्या वेळी दुभाष्यामार्फत विचारले. त्या 'हो' म्हणाल्या. पुढे चार महिने कागदपत्रांत गेले. आता खाली जेवणाच्या खोलीत त्यांचा पलंग आहे, खालच्याच बाथरूममध्ये आधाराचे दांडे बसवले आहेत आणि आठवड्यातून चार दिवस बस त्यांना वृद्धांच्या डे केअरला नेते. तिथे वरण-भात मिळतो आणि भांडायला दोन मराठी मैत्रिणीही आहेत.

सेवा समितीचे आवाहन

नर्सिंग होममध्ये आठवड्यातून तासभर भेटायला जाणारे, परतलेल्यांना डबा पोचवणारे आणि वॉकर, शॉवरची खुर्ची, पलंग अशा चांगल्या वस्तू देऊ शकणारे यांची समितीला गरज आहे. रविवारच्या आरतीनंतर कार्यालयात नाव नोंदवावे. आपल्या ओळखीचे कोणी मराठी आजी-आजोबा नर्सिंग होममध्ये एकटे असतील, तर तेही जरूर कळवावे. आपण त्यांना त्यांच्या भाषेत विचारू.