मिक्सरच्या ड्रममधलं दगड झालेलं काँक्रीट कसं काढायचं?

गेल्या भागानंतर दातिवऱ्याहून एका काकांचा फोन आला. त्यांनी जुना ट्रान्झिट मिक्सर घेतलाय. इंजिन चांगलं, टायर बरे, पण ड्रममध्ये काँक्रीट जमून पार दगड झालंय. काका म्हणाले, "अ‍ॅसिड टाकलं तर निघेल का? नाहीतर पुतण्याला ब्रेकर देऊन आत पाठवतो. बारीक आहे, मॅनहोलमधून सहज जातो."

हे शेवटचं वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून रविवारी सफाळ्यावरून दातिवऱ्याला जाऊन गाडी बघून आलो. आजचा भाग त्यावरच.

आधी हे जमतं कसं ते बघू. आपण म्हणतो काँक्रीट वाळलं. खरं तर ते वाळत नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं, म्हणून पाण्याखालीही ते कडक होतंच. ड्रम फिरत राहिला की ही क्रिया थांबते, असंही नाही. म्हणूनच आयएस 4926 या भारतीय मानकात साधारण 2 तासांत माल उतरवायची मर्यादा आहे. आता आपल्या हायवेची कोंडी आठवा. माल उतरला तरी ड्रममधल्या मळसूत्रासारख्या पात्यांच्या मागे थोडा चिकटून राहतो. तो धुतला नाही, तर पुढच्या खेपेचा थर त्याच्यावर बसतो. असे थरावर थर.

किती जमलंय हे बाहेरून कळत नाही. त्याला सोपा उपाय आहे. गाडी रिकामी करून वजनकाट्यावर घाला आणि आरसी बुकातल्या रिकाम्या वजनाशी ताडून बघा. एक घनमीटर काँक्रीट साधारण 2400 किलो भरतं. समजा फरक 1200 किलो आला, तर ड्रममध्ये अर्धा घनमीटर दगड बसलाय. प्रत्येक खेपेला तुम्ही तो फुकट फिरवताय, डिझेल जाळून. शिवाय गाडीच्या एकूण वजनाची कायद्याची मर्यादा काही वाढत नाही, म्हणजे तेवढा विकायचा माल कमी.

आता अ‍ॅसिडचं. अ‍ॅसिड सिमेंट खातं, हे खरं. पण आपल्याकडची काळी खडी म्हणजे बेसाल्ट, ती त्यात विरघळत नाही. अ‍ॅसिड वरूनच काम करतं, त्यामुळे पातळ थर मऊ पडतो, वीतभर जाड ढेकळाला काही होत नाही. वर ते ड्रमचा पत्राही खातं. दातिवऱ्यासारख्या खाऱ्या हवेच्या गावात पत्र्याला गंज आधीच लागलेला असतो. आणि बंद ड्रममध्ये अ‍ॅसिडची वाफ कोंडली की आत माणूस उभा राहू शकत नाही.

साखरेचंही विचारतात. गाडी वाटेत बंद पडली आणि माल अजून ओला असेल, तर साखर टाकून तो घट्ट होणं लांबवता येतं. पण एकदा दगड झाला की साखरेची वेळ गेली. अमेरिकेतल्या मिथबस्टर्स या टीव्ही कार्यक्रमात तर सुरुंगाचा प्रयोग झाला होता, आणि शेवटी त्यांनी अख्खा ट्रकच उडवला. आपल्याला ट्रक हवाय ना?

म्हणजे उरतं ते चिपिंग. मोठ्या कामांत खूप जास्त दाबाच्या पाण्याने काँक्रीट फोडणारी यंत्रंही वापरतात, पण आपल्याकडे बहुतेक वेळा ब्रेकर घेऊन माणूसच आत उतरतो. त्याला तिथे चार धोके असतात.

पहिला, ड्रम फिरणं. कोणी चुकून गाडी चालू केली तर संपलंच. पण गाडी बंद असली तरी एका बाजूचं काँक्रीट फुटलं की तोल बिघडतो आणि ड्रम आपोआप सरकू शकतो. म्हणून बॅटरी काढा, ड्रमला अडण लावा, चाकांना ओट लावा. किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात.

दुसरा, डोक्यावरचं ढेकूळ. लटकणाऱ्या थराखाली कधीच उभं राहायचं नाही. फोडायचा भाग खाली किंवा बाजूला आणून फोडा. ड्रम फिरवायचा असेल तर आधी माणूस बाहेर, मग फिरवा, पुन्हा सगळं लॉक करा.

तिसरा, धूळ. हा धोका दिसत नाही. रेतीतल्या क्वार्ट्झची बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. म्हणून पाण्याचा फवारा सतत चालू ठेवा, मॅनहोलला ब्लोअर लावा, तोंडाला फडकं नाही तर किमान एन 95 मास्क हवा. आतला आवाज घुमतो, त्यासाठी कानाला मफ.

चौथा, वीज. ओल्या लोखंडी ड्रममध्ये घरातला बल्ब सोडायचा नाही. 1948 च्या कारखाने कायद्यातही अशा बंद जागेत हातातल्या दिव्यासाठी 24 व्होल्टची मर्यादा घातलेली होती. आणि बाहेर एक माणूस सतत हवा, आतल्याशी बोलत राहणारा.

फोडताना पात्याच्या मुळाशी आणि पत्र्यावर थेट घाव घालू नका. शेवटचा पातळ थर राहिला तर राहू द्या. पत्र्याला भोक पडण्यापेक्षा ते परवडतं. निघालेला गाळ आणि धुण्याचं पाणी वैतरणेच्या खाडीत सोडू नका. ते पाणी चुन्यासारखं जहाल असतं, मासळीला आणि शिंपल्यांना मारक.

काकांना मी म्हटलं, आधी काटा करा. फरक कमी असेल तर चिपिंगवाल्या अनुभवी माणसाकडून करून घ्या. अर्धा ड्रम भरला असेल तर नवीन ड्रमचा भाव विचारा, कदाचित तोच स्वस्त पडेल. आणि पुतण्याला आत पाठवू नका. बारीक असणं ही काही त्या कामाची लायकी नाही.

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग त्याला काय काम देऊ?" मी म्हटलं, धुण्याचं. प्रत्येक खेपेनंतर ड्रममध्ये पाणी घालून फिरवायचं, संध्याकाळी थोडी खडी आणि पाणी घालून घासून काढायचं. हे रोज झालं, तर ब्रेकर घेऊन आत उतरायची वेळ क्वचितच येईल.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या.